पांच वर्षें बंद राहिलेली शाळा

माझें बहुतेक आयुष्य शाळेचा हजेरीपट भरण्यांत गेलें. बाहेरच्या माणसाला हजेरीपट ही एक रुक्ष वस्तु वाटते. मास्तराला ती तशी वाटत नाहीं. त्याच्या एकेका ओळींत एकेका मुलाचें वर्ष मांडलेलें असतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा दोन वर्षांच्या खंडानंतर परत आला. घरच्या अडचणीमुळें त्याची शाळा सुटली होती. बुद्धीनें तो कमी नव्हता. परंतु त्याच्या बरोबरीचीं मुलें दोन इयत्ता पुढें गेलेलीं, आणि हा आपल्या धाकट्या भावाच्या वयाच्या मुलांत शेवटच्या बाकावर बसलेला. त्याचे गुडघे बाकाखालीं मावत नसत. शाळा सुटल्यावर मीं त्याला घरीं बोलावून शिकविलें. तरी वर्षअखेर तो शाळा सोडून गेला तो गेलाच. त्याला गणित जड गेलें नाहीं, भाषा जड गेली नाहीं; त्याला त्याचें वय जड गेलें. तेव्हांपासून एक गोष्ट माझ्या मनांत पक्की बसली आहे. शाळेची पडलेली इमारत पुन्हां बांधतां येते, चुकलेला कायदा पुन्हां सुधारतां येतो, बुडालेला पैसाहि पुन्हां उभा करतां येतो. मुलाचें गेलेलें वय तेवढें परत आणतां येत नाहीं.

आज मी आपणांस जी हकीकत सांगणार आहें ती अशाच गेलेल्या वयाची आहे. फरक इतकाच कीं, ती एका मुलाची नाहीं. अमेरिकेंतील एका साऱ्या तालुक्याची आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्जिनिया हें एक जुनें संस्थान. त्याच्या दक्षिण भागांत प्रिन्स एडवर्ड नांवाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्यासारखा कारभाराचा विभाग. हा मुलूख तंबाखूच्या शेतीचा, आणि फार्मव्हिल हें त्यांतील कसब्याचें गांव. १८६५ च्या एप्रिल महिन्यांत गुलामगिरी राखण्यासाठीं लढणाऱ्या दक्षिणेचा सेनापति रॉबर्ट ली आपलें थकलेलें सैन्य घेऊन याच गांवावरून गेला, आणि दोन दिवसांनीं शरण आला. गुलामगिरी कायद्यानें संपली. परंतु ज्या संस्थानांत कृष्णवर्णीयांना एकत्र जमवून लिहिणेंवाचणें शिकविण्यास १८३१ सालीं कायद्यानें बंदी घातली होती, तेथें शाळेचें दार एका युद्धानें सताड उघडेल, अशी अपेक्षा कोणी करूं नये. व्हर्जिनियांत सार्वजनिक शाळांची व्यवस्था १८७० सालीं सुरू झाली, आणि ती आरंभापासूनच दुहेरी होती. गोऱ्या मुलांची शाळा निराळी, कृष्णवर्णीय मुलांची निराळी.

या दुहेरी व्यवस्थेला १८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा आधार मिळाला. प्लेसी नांवाच्या गृहस्थांचा तो खटला होता रेल्वेच्या डब्याविषयीं. परंतु त्याचा निकाल वर्गाच्या बाकापर्यंत पोंचला. न्यायालयानें सांगितलें कीं, दोन वर्णांच्या लोकांची सोय वेगवेगळी ठेवली तरी चालेल, मात्र ती समान असावी. ऐकावयास हें वाक्य निरुपद्रवी वाटतें. प्रत्यक्षांत ‘वेगळें’ हा शब्द दुसऱ्या दिवसापासून अंमलांत आला, आणि ‘समान’ हा शब्द कागदावरच राहिला. तीनच वर्षांनीं याची प्रचीति आली. जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा येथें स्कूल बोर्डानें पैशाची टंचाई सांगून कृष्णवर्णीयांचें हायस्कूल बंद केलें. गोऱ्या मुलांच्या हायस्कूलला मात्र पैसा मिळत राहिला. कर भरणारे कृष्णवर्णीय पालक न्यायालयांत गेले. १८९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या प्रकरणांत हात घालण्याचें नाकारलें. म्हणजे वेगळें ठेवण्यास कायदा होता, समान करण्यास कोणी वाली नव्हता.

आतां आपण पुन्हां फार्मव्हिलला येऊं. तेथें कृष्णवर्णीय मुलांसाठीं १९३९ सालीं एक हायस्कूल बांधलें गेलें. बुकर वॉशिंग्टन यांच्यामागून टस्कीजीच्या सुप्रसिद्ध संस्थेचे प्रमुख झालेले रॉबर्ट मोटन हे याच काउंटींत लहानाचे मोठे झाले. त्यांचेंच नांव या शाळेला दिलें होतें. इमारत १८० मुलांच्या बेताची. दहाबारा वर्षांत मुलांची संख्या साडेचारशेंच्या वर गेली. शाळेला व्यायामशाळा नव्हती, विज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती, मुलांना एकत्र बसून जेवण्यास जागा नव्हती. सभागृहांत एकाच वेळीं दोनतीन वर्ग भरत. कांहीं वर्ग बसमध्यें घेण्याची वेळ आली, आणि ती बसहि गोऱ्यांच्या शाळेनें वापरून टाकलेली असे. पालक स्कूल बोर्डाकडे नव्या इमारतीसाठीं हेलपाटे घालीत होते. बोर्डानें शेवटीं काय केलें? शाळेच्या आवारांत लांकडी सांगाडे उभे करून त्यांवर डांबर लावलेला जाड कागद ठोकला, आणि हे तुमचे नवे वर्ग, असें सांगितलें. पाऊस आला कीं छप्पर गळे. हिवाळ्यांत खोलींत एक शेगडी पेटवीत. तिच्याजवळचीं मुलें भाजून निघत आणि दारापाशीं बसणारीं अंगांतला ओव्हरकोट काढीत नसत. तेथून थोड्याच अंतरावर गोऱ्या मुलांचें विटांचें, सर्व सोयींनीं युक्त असें हायस्कूल उभें होतें.

या शाळेंत बार्बरा जॉन्स नांवाची सोळा वर्षांची एक मुलगी शिकत होती. वडीलमाणसांच्या अर्जविनंत्यांचें फळ तिनें पाहिलें होतें. तिनें आपल्या विश्वासांतल्या मोजक्या मुलामुलींना जवळ करून अनेक महिने एक बेत रचला, आणि तो कोणाहि मोठ्या माणसाला कळूं दिला नाहीं. २३ एप्रिल १९५१ रोजीं सकाळीं हेडमास्तरांना निरोप आला कीं, शाळेचीं कांहीं मुलें बस स्टेशनवर अडचणींत सांपडलीं आहेत. हेडमास्तर घाईनें तिकडे गेले. निरोप खोटा होता. इकडे वर्गावर्गांत सभेची चिठ्ठी फिरली, मुलें सभागृहांत जमलीं, पडदा बाजूला झाला, आणि व्यासपीठावर हेडमास्तरांच्या जागीं बार्बरा उभी! तिनें शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली, मुलांपुढें शाळेची सारी दैना मांडली आणि संपाची हांक दिली. साडेचारशें मुलें शाळेबाहेर पडलीं. हा संप सुमारें दोन आठवडे चालला.

मास्तर या नात्यानें मला मुलांचा संप आवडत नाहीं, हें मी येथें मोकळेपणानें सांगतों. हेडमास्तरांना खोट्या निरोपानें बाहेर काढणें मला आणखीच आवडत नाहीं. परंतु त्यांत एक पोंच होती, ती ध्यानांत घेतली पाहिजे. हेडमास्तर आणि शिक्षक हे स्कूल बोर्डाचे नोकर. त्यांना हा बेत ठाऊक होता असें कोणी म्हटलें असतें, तर त्यांची भाकर गेली असती. मुलांनीं त्यांना अज्ञानांत ठेवलें तें त्यांना वांचविण्यासाठीं. आणि इतकें करूनहि पुढें हेडमास्तरांची नोकरी राहिली नाहीं. बार्बरेच्या जिवाला धोका दिसूं लागला, तेव्हां आईबापांनीं तिला दूर अलाबामा संस्थानांत मॉंटगोमेरी येथें तिच्या चुलत्यांकडे, व्हर्नन जॉन्स यांच्याकडे, पाठविलें.

मुलांची मागणी चांगल्या इमारतीची होती. त्यांनीं रिचमंड येथील दोन कृष्णवर्णीय वकिलांना पत्र लिहिलें. त्यांचीं नांवें ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन. हे वकील मुलांची समजूत घालून त्यांना वर्गांत परत पाठवावें, अशा विचारानें आले होते. परंतु मुलांचा निर्धार पाहून त्यांचें मन फिरलें. त्यांनीं एकच अट घातली. नव्या इमारतीसाठीं आम्ही भांडणार नाहीं. दोन शाळा एक करण्यासाठीं भांडावयाचें असेल तर आम्ही तुमचे वकील.

ही अट कां घातली, हें समजून घेण्यासारखें आहे. या वकिलांची जी संस्था होती, तिनें वीस वर्षें ‘समान’ या शब्दाची परीक्षा न्यायालयांत घेतली होती. १९३८ सालीं मिसुरी संस्थानाला न्यायालयानें बजावलें कीं, गोऱ्यांसाठीं कायद्याचें कॉलेज आहे तर कृष्णवर्णीयांसाठींहि संस्थानांतच सोय झाली पाहिजे. १९५० सालीं ओक्लाहोमा विद्यापीठांतील मॅक्लॉरिन यांचा खटला निकालांत निघाला. हे गृहस्थ साठी ओलांडलेले, आयुष्यभर शिकविण्याचें काम केलेले, आणि आणखी शिकावें म्हणून विद्यापीठांत आलेले. विद्यापीठानें त्यांना प्रवेश दिला; पण वर्गांत त्यांची खुर्ची बाजूच्या कोनाड्यांत, ग्रंथालयांत त्यांचें मेज निराळें, भोजनगृहांत त्यांची जागा आणि जेवणाची वेळ निराळी. तेच प्राध्यापक, तींच पुस्तकें, तोच फळा. उणें काय होतें? न्यायालयानें सांगितलें कीं, सहाध्यायांशीं बोलण्याचालण्याचा, विचारांच्या देवाणघेवाणीचा हक्कच हिरावला जातो, आणि त्यावांचून शिक्षण पुरें होत नाहीं. एकदां हें मान्य झालें कीं इमारतीच्या विटा मोजण्यांत अर्थ उरत नाहीं. वेगळें काढणें हीच विषमता, असा मुद्दा मांडण्याची वेळ आली होती.

पालकांची सभा फार्मव्हिलच्या चर्चमध्यें भरली. तेथील धर्मोपदेशक फ्रान्सिस ग्रिफिन यांनीं मुलांची बाजू घेतली. सभेनें वकिलांची अट पत्करली आणि २३ मे १९५१ रोजीं, संपाला बरोबर महिना झाला असतां, ११७ विद्यार्थ्यांच्या वतीनें दावा दाखल झाला. त्यांतलें पहिलें नांव चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिस या मुलीचें. खालच्या न्यायालयांत मुलें हरलीं. मात्र गमतीची गोष्ट अशी कीं, जी इमारत अनेक वर्षें अर्ज करून मिळाली नव्हती, ती दावा लागतांच मिळाली. १९५३ सालीं कृष्णवर्णीय मुलांसाठीं नवें हायस्कूल बांधून तयार झालें. वेगळेपण राखण्यासाठीं बोर्डाला एकाएकीं समानतेची आठवण झाली!

पुढची कथा जगप्रसिद्ध आहे. कॅन्सस, दक्षिण कॅरोलिना, डेलावेअर आणि व्हर्जिनिया या चार संस्थानांतले दावे एकत्र करून सर्वोच्च न्यायालयानें १७ मे १९५४ रोजीं निकाल दिला. कॅन्सस येथील दावेदार ब्राऊन यांच्या नांवानें तो ओळखला जातो. सरन्यायाधीश अर्ल वॉरन आणि त्यांचे आठहि सहकारी यांचें मत एक झालें: सार्वजनिक शिक्षणांत ‘वेगळें पण समान’ या तत्त्वाला जागा नाहीं. राजधानी वॉशिंग्टन येथील तशाच दाव्याचा निकालहि त्याच दिवशीं मुलांच्या बाजूनें लागला. या खटल्यांत संस्थेच्या वतीनें उभे राहिलेले थरगुड मार्शल पुढें १९६७ सालीं त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले.

आपण म्हणाल, मग झालें कीं! कथा संपली. श्रोतेहो, कथा येथेंच सुरू होते.

निकाल झाला, पण तो अंमलांत केव्हां आणावा? ३१ मे १९५५ रोजीं न्यायालयानें दुसरा हुकूम काढला. त्यांत ठराविक तारीख नव्हती. सर्व बाजूंचा विचार करून, यथावकाश पण त्वरेनें, शाळा एक कराव्या, अशा अर्थाची शब्दयोजना होती. कायदेपंडितांना हे शब्द सावधपणाचे वाटले असतील. मीं ते हजेरीपटावर ठेवून पाहिले. दाव्यांत पहिलें नांव असलेली डोरोथी १९५१ सालीं चौदा वर्षांची होती. हा दुसरा हुकूम निघाला तोंवर तिचें हायस्कूलचें वय सरलें होतें. बार्बरेचें तर त्याआधींच सरलें होतें. ज्या मुलांनीं दार ठोठावलें, त्यांच्यापैकीं या दोघींना त्या दारांतून आंत जाण्याचा योग आला नाहीं. न्यायालयाच्या पंचांगांत चार वर्षें म्हणजे थोडा काळ. मुलाच्या पंचांगांत तें सारें हायस्कूल होय.

आणि ‘यथावकाश’ या शब्दांत जी फट होती, तिच्यांतून विरोधकांनीं गाडा हांकला. व्हर्जिनियाचे वजनदार सेनेटर हॅरी बर्ड यांनीं १९५६ सालीं सर्व शक्तीनिशीं प्रतिकार करण्याची हांक दिली. जी शाळा दोन्ही वर्णांचीं मुलें एकत्र बसवील ती गव्हर्नरनें बंद करावी, असा कायदा संस्थानानें केला. १९५८ च्या सप्टेंबरांत नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरेन काउंटी येथील शाळांना त्याप्रमाणें कुलुपें लागलीं. तेरा हजारांच्या आसपास मुलें, तींहि बहुतेक गोरीं, घरीं बसलीं. जानेवारी १९५९ मध्यें न्यायालयांनीं तो कायदा रद्द ठरविला आणि त्या शाळा उघडल्या.

प्रिन्स एडवर्ड काउंटीनें मात्र निराळी वाट काढली. त्या वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें तिला सप्टेंबरपासून शाळा एक करण्याचा हुकूम दिला होता. काउंटीच्या कारभारी मंडळानें त्या हुकुमाविरुद्ध दंगा केला नाहीं, कीं दारांत बंदूकवाले उभे केले नाहींत. त्यानें अंदाजपत्रकांत सार्वजनिक शाळांसाठीं एक पैसाहि मंजूर केला नाहीं, एवढेंच केलें. पैसा नाहीं म्हणून शिक्षक नाहींत, शिक्षक नाहींत म्हणून शाळा नाहीं, आणि शाळाच नाहीं म्हणून ती एक करण्याचा प्रश्नहि नाहीं! गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची, अशा साऱ्या सरकारी शाळा १९५९ च्या सप्टेंबरांत बंद राहिल्या. आणि त्या पांच वर्षें बंद राहिल्या.

गोऱ्या मुलांसाठीं वर्गणी जमवून एक खाजगी शाळा तांतडीनें उभी करण्यांत आली. चर्चच्या व इतर इमारतींच्या खोल्यांतून तिचे वर्ग भरले. पुढें तिच्या फीसाठीं सरकारी अनुदान आणि देणगीदारांना करांत सूट, अशी सोयहि कांहीं काळ झाली. ज्या गोऱ्या घरांना फी झेपली नाहीं, त्यांचीं मुलें घरीं बसलीं. त्यांचा विचार कोणी फारसा केला नाहीं. कृष्णवर्णीय मुलें सुमारें सतराशें होतीं. त्यांच्यासाठीं कांहींच नव्हतें.

या मुलांनीं काय केलें? ज्यांचे नातलग परगांवीं होते तीं तिकडे गेलीं. कांहींजण क्वेकर पंथाच्या लोकांनीं दूरच्या संस्थानांत घरें शोधून दिल्यावर अनोळखी कुटुंबांत राहून शिकलीं. वरच्या वर्गांतलीं थोडीं मुलें शेजारच्या उत्तर कॅरोलिना संस्थानांतील किट्रेल कॉलेजांत गेलीं. गांवांतल्या बायांनीं चर्चच्या तळघरांतून लहान मुलांना अक्षरें आणि अंक शिकविण्याचे वर्ग चालविले. पण ती शाळा नव्हे, हें त्यांनाहि ठाऊक होतें. उरलेलीं मुलें तंबाखूच्या शेतांत कामाला लागलीं. घरांघरांतून एकाच आईच्या लेकरांची ताटातूट झाली. ज्याला परगांवीं धाडणें शक्य तो शिकला. ज्याला शक्य झालें नाहीं तो मागें राहिला.

येथें एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. १९५९ च्या अखेरीस कांहीं गोऱ्या पुढाऱ्यांनीं, तुमच्याहि मुलांसाठीं खाजगी शाळा काढून देतों, असा प्रस्ताव पुढें केला. कृष्णवर्णीय पालकांनीं जवळजवळ एकमतानें तो नाकारला. तो पत्करला असता तर मुलांचीं वर्षें कदाचित् वांचलीं असतीं. पण वेगळी शाळा आम्हीं होऊन मान्य केली, असा त्याचा अर्थ झाला असता आणि आठ वर्षांचा लढा पाण्यांत गेला असता. त्या आईबापांनीं बरोबर केलें काय? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. स्वतःच्या लेकराचें वय तराजूंत घालून साऱ्या समाजाचा हक्क तोलावयाचा, हा प्रसंग कोणावर येऊं नये. त्यांच्या जागीं मी असतों तर माझा धीर टिकला असता, असें मी छाती ठोकून सांगूं शकत नाहीं. दोष द्यावयाचा तर असा तराजू ज्यांनीं त्यांच्या हातीं दिला त्यांना द्यावा.

१९६३ च्या सप्टेंबरांत, केनेडी सरकारच्या खटपटीनें आणि देणग्यांच्या पैशावर, तेथें मोफत शाळा उघडल्या. नील सलिव्हन नांवाच्या शिक्षणाधिकाऱ्यानें देशभरांतून शिक्षक जमविले. सुमारें पंधराशें मुलें आलीं. त्यांत चार गोरींहि होतीं. या शाळेच्या पहिल्या दिवसाचें चित्र मी मनाशीं पुष्कळदां रंगवितों. १९५९ सालीं जें मूल सहा वर्षांचें होतें, तें आतां दहा वर्षांचें होऊन पहिल्यांदा खऱ्या वर्गांत पाऊल टाकीत होतें. इयत्तांची वांटणीच तेथें निरुपयोगी ठरली. वय पाहून बसवावें तर अक्षरओळख नाहीं, आणि अक्षरओळख पाहून बसवावें तर गुडघे बाकाखालीं मावत नाहींत. म्हणून सलिव्हन यांनीं इयत्ता बाजूस ठेवल्या आणि ज्याची जेवढी तयारी तेथून त्याला शिकविण्याची योजना केली.

शेवटीं २५ मे १९६४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. हा दावा ग्रिफिन यांच्या मुलांच्या नांवानें चालला होता. निकालपत्र न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांनीं लिहिलें. इतर काउंट्यांतून सरकारी शाळा चालू असतां एकाच काउंटीनें त्या बंद ठेवणें हें घटनेनें दिलेल्या समान संरक्षणाच्या विरुद्ध आहे, आणि जरूर तर कर बसवून शाळा उघडण्याचा हुकूम काउंटीला देतां येईल, असें न्यायालयानें ठरविलें. ‘यथावकाश’ या शब्दाची मुदत आतां संपली, असेंहि त्यांत स्पष्ट म्हटलें. त्या सप्टेंबरांत सरकारी शाळा पुन्हां उघडल्या. बार्बरेनें संप केला त्याला तेरा वर्षें झालीं होतीं. पहिल्या इयत्तेंतलें मूल मॅट्रिक होऊन बाहेर पडावें, इतका हा काळ!

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें २००३ सालीं या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, आणि २००४ सालीं, त्या वेळीं ज्यांची शाळा बुडाली त्यांना पुन्हां शिकतां यावें म्हणून शिष्यवृत्ति ठेवली. ज्यांनीं तिचा लाभ घेतला, ते तोंवर पन्नाशी उलटलेले आजीआजोबा झाले होते. मोटन हायस्कूलच्या जुन्या इमारतींत आज संग्रहालय आहे. बार्बरा जॉन्स पुढें ग्रंथपाल झाल्या आणि १९९१ सालीं वारल्या. अमेरिकेच्या राजधानींतील संसद भवनांत व्हर्जिनियाच्या वतीनें सेनापति ली यांचा पुतळा उभा होता. तो २०२० च्या डिसेंबरांत हलविण्यांत आला, आणि त्याच्या जागेसाठीं संस्थानानें बार्बरा जॉन्स यांची निवड केली. फार्मव्हिलवरून पराभूत होऊन गेलेला सेनापति आणि फार्मव्हिलच्या शाळेंतून बाहेर पडलेली मुलगी, यांची अशी गांठ इतिहासानें घातली.

परंतु शाळेचें दार एक झालें म्हणजे समता आली, असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत शाळेच्या खर्चाचा मोठा वांटा स्थानिक घरपट्टीसारख्या करांतून येतो. ज्या वस्तींतलीं घरें किंमतीचीं, तिची शाळा श्रीमंत. जेथें घरें पडकीं, तेथें शाळाहि पडकी. हा भेद घटनाबाह्य नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं टेक्सास संस्थानांतील एका दाव्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें. सारांश, पूर्वीं मुलाचा वर्ण पाहून शाळा ठरे. पुढें त्याचा राहण्याचा पत्ता पाहून ती ठरूं लागली.

ही परक्या देशाची गोष्ट सांगतांना माझें लक्ष वारंवार घराकडे वळत होतें, आणि त्याला कारण आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, अमेरिकेंतील गुलामगिरी नाहींशी करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यास गेले. पुढें १९४६ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डुबॉइस यांना पत्र लिहिलें. दोन्हीं प्रश्नांचें नातें या मोठ्या माणसांनीं ओळखलें होतें.

आपल्या मुंबई इलाख्यांतहि १८५६ सालीं एक दार ठोठावलें गेलें. धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. मुंबई सरकारनें उत्तर दिलें तें असें कीं, तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूला आहे, पण एकासाठीं शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होऊं देणें बरें नव्हे. पुढें १८५८ सालीं, केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, असें सरकारनें जाहीर केलें. हें झालें कागदावर. त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं, भीमराव आंबेडकर यांचें नांव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या पटावर चढलें. आज महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. परंतु शाळेंतल्या त्या दिवसांविषयीं त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे कीं, वर्गांत ते कोपऱ्यांत निराळे बसत, आणि बसण्याचें गोणपाट रोज घरून आणीत व घरीं नेत. ओक्लाहोमाच्या कोनाड्यांतली खुर्ची आणि साताऱ्याचें गोणपाट यांत मला अंतर दिसत नाहीं.

श्रोतेहो, जो समाज आपल्या शेजाऱ्याच्या मुलाला आपल्या मुलाशेजारीं बसूं देण्याऐवजीं शाळाच मोडावयास तयार होतो, त्याची ही हकीकत आहे. अशा गोष्टी मोठ्या आवाजांत घडतातच असें नाहीं. अंदाजपत्रकाच्या एका रिकाम्या रकान्यानें सतराशें मुलांचें बालपण नेलें. आपल्याकडेहि एखाद्या वाडीची शाळा शिक्षकाअभावीं बंद राहते, एखाद्या मुलीचें नांव पटावरून गुपचूप कमी होतें, आणि आपण म्हणतों, पाहूं, पुढल्या वर्षीं व्यवस्था करूं. मास्तर म्हणून माझें एवढेंच मागणें आहे कीं, असें म्हणण्यापूर्वीं त्या मुलाचें वय विचारावें. त्याच्यासाठीं पुढलें वर्ष हें दुसरें वर्ष असतें. गेलेलें तें गेलेलें.